गाडीतली शिदोरी आणि सोबतचे मुके जीव

मोटारीने लांबच्या प्रवासाला निघताना खाऊचा डबा आणि घरचे पाळीव जनावर या दोन गोष्टींचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो, आणि तोही वेगवेगळा. डबा स्वयंपाकघरात भरला जातो. कुत्रा किंवा मांजर निघायच्या वेळी मागच्या सीटवर चढवले जाते. गाडीचे दार लागले की मात्र हे दोन्ही प्रश्न एक होतात. आठ-दहा तास एकाच बंद जागेत, एकाच उकाड्यात माणसे खात असतात आणि जनावर त्यांच्या हाताकडे पाहत असते. गाडी किती वेळाने थांबवायची, पाणी किती न्यायचे, काय खाल्ले तर घाटात उलटी होईल, उन्हात उभ्या केलेल्या गाडीत काय टिकेल, हे हिशेब दोघांचेही सारखेच आहेत. माणसाला मळमळले तर तो सांगतो, तहान लागली तर पाणी मागतो. जनावराला ते जमत नाही. म्हणून प्रवासाचे वेळापत्रक गाडीतल्या सर्वांत अबोल प्रवाशाच्या गरजेवर बेतावे आणि डबाही त्याच्याकडे पाहून भरावा. या विषयातले बाकीचे सगळे यातूनच निघते.

महाराष्ट्रात अशा प्रवासाचे दोन ठळक नमुने दिसतात. एक जुना, मुंबईहून कोकणात जाण्याचा. मुंबई ते सावंतवाडी हे अंतर सुमारे ५०० किलोमीटर. रस्ता मोकळा असला तरी दिवस जातो, आणि गणपतीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत माणगाव, महाड, चिपळूण या पट्ट्यात वाहनांच्या रांगा लागल्या की त्याचा दीड दिवसही होतो. दुसरा नमुना समृद्धी महामार्गाचा. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यावर ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता तयार झाला. कोकणच्या रस्त्यावर वळणे, कोंडी आणि पाऊस. समृद्धीवर सरळ रेघ, वेग आणि विदर्भ-मराठवाड्याचे ऊन. सुरुवातीच्या काळात समृद्धीवर खाण्यापिण्याच्या आणि स्वच्छतागृहांच्या सोयी तुटपुंज्या होत्या, त्यामुळे घरून डबा नेण्याची सवय तिथे पुन्हा कामी आली. पहिल्या रस्त्यावर पोट ढवळण्याचा धोका मोठा, दुसऱ्यावर डुलकीचा आणि उष्माघाताचा. डब्यात काय असावे हे त्यावर ठरते.

डब्याची पहिली कसोटी चव नव्हे, टिकाऊपणा. शिजवलेल्या अन्नात जंतू वाढतात ते साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात, आणि गाडीतला डबा पूर्ण प्रवासभर नेमका याच पट्ट्यात असतो. शिजवलेले ओलसर अन्न बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासाहून जास्त नाही, असा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य नियम आहे. भाताच्या बाबतीत तो विशेष लागू पडतो. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूची बीजे भात शिजवतानाही मरत नाहीत. कोमट भातात ती रुजतात आणि त्यांचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. हाताने कुस्करलेल्या, मळलेल्या ओल्या पदार्थांत त्वचेवरचे स्टॅफिलोकॉकस जिवाणू असेच विष सोडतात. त्यामुळे मसालेभात, ओल्या नारळाची चटणी, पनीर, अंडाकरी, ओला कांदा घातलेली भेळ आणि मोड आलेल्या कडधान्याची उसळ हे पदार्थ पहिल्या थांब्याला संपवण्यापुरतेच न्यावेत. दहीभातही त्याच यादीत येतो. आंबटपणामुळे तो थोडा तग धरतो, पण संध्याकाळपर्यंत नाही.

जुन्या शिदोरीची घडण पाहिली की तिच्यामागचा विचार कळतो. अन्न टिकवायचे तर त्यातले पाणी कमी करायचे, किंवा जंतूंना ते पाणी वापरता येऊ नये म्हणून मीठ, साखर, गूळ, आंबट आणि तेल वाढवायचे. दुधात पीठ भिजवून केलेली दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, तिला वेगळ्या भाजीची गरज लागत नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या, सोलापूर-मराठवाड्याकडचे धपाटे, मेथीचे ठेपले, गुळाच्या पोळ्या या सगळ्यांत मीठमसाला किंवा गोडवा आतच असतो, रस्सा नसतो. तोंडी लावायला शेंगदाण्याची कोरडी चटणी, लसणाची चटणी, मुरलेले लोणचे. सांगली-कोल्हापूरकडचे भडंग, पातळ पोह्यांचा चिवडा, चकली, कडक शेव, राजगिऱ्याची वडी, चिक्की, बेसनाचा किंवा रव्याचा लाडू हे तर आठवडाभर टिकणारे. बटाट्याची कोरडी भाजी कांदा-खोबरे न घालता, तेलावर चांगली परतून केली तर दुपारपर्यंत चालते. तीच ओलसर राहिली की आंबूस वास धरते. पदार्थात पाणी किती ठेवायचे आणि किती आटवायचे हे जिला ठाऊक असे, त्या बाईने बांधलेली शिदोरी अन्नशास्त्राचे पुस्तक न वाचताही बिनचूक असे.

डबा भरण्यातली सर्वांत मोठी चूक गरम अन्न झाकण्याची. वाफ झाकणाला लागते, पाणी होऊन खाली पडते, आणि कोरडी केलेली पोळी पुन्हा ओली होते. पुऱ्या-पोळ्या पूर्ण गार होऊन, सुती फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात भराव्यात. वर्तमानपत्रात खाऊ बांधण्याची सवय सोडलीच पाहिजे. छपाईची शाई तेलात उतरते, आणि अन्नपदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळण्याला २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी मनाईच केली आहे. फळांत केळी, पेरू, संत्री आणि सफरचंद सोयीची. कापलेले फळ मात्र शिजवलेल्या अन्नाइतकेच नाजूक समजावे.

घाटात गाडी लागते ती पोटामुळे नव्हे, कानामुळे. आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगतो की शरीर हलते आहे. डोळे मोबाइलवर किंवा समोरच्या सीटच्या पाठीवर खिळलेले असतात आणि ते सांगतात की सगळे स्थिर आहे. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. दोन वर्षांखालच्या मुलांना हा त्रास सहसा होत नाही. दोन ते बारा या वयात तो सर्वांत जास्त दिसतो. खाण्याने तो निर्माण होत नसला तरी वाढतो किंवा आटोक्यात राहतो. तळलेले, तेलकट, उग्र वासाचे अन्न आणि भरलेले पोट हे घाटाआधी टाळावे. तितकेच रिकामे पोटही टाळावे. कशेडी, आंबोली, आंबा किंवा ताम्हिणी चढण्याच्या तासभर आधी अर्धी पोळी, दोन बिस्किटे किंवा एक केळ आणि थोडे पाणी हे प्रमाण योग्य ठरते. आल्याचा उपयोग काही चाचण्यांत दिसला, काहींत दिसला नाही. पण आलेपाकाची वडी निरुपद्रवी आहे आणि अनेकांना तिने बरे वाटते, म्हणून ती डब्यात असायला हरकत नाही. गोळी घ्यायचीच असेल तर ती त्रास सुरू झाल्यावर नव्हे, अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी लागते. या बहुतेक गोळ्यांनी झोप येते. चालवणाऱ्याने त्या घेऊ नयेत.

चालवणाऱ्याचा खाऊ हा स्वतंत्र विषय आहे. दुपारी दोन ते चार आणि पहाटे दोन ते सहा या वेळांत शरीराची जाग मुळातच मंदावते. त्यावर पुरीभाजी, जिलेबी किंवा थाळीचे जेवण पडले की डोळे जड होतात. समृद्धीसारख्या एकसुरी रस्त्यावर हे जिवावर बेतते. त्याने थोडे थोडे, दोन-अडीच तासांनी, आणि गाडी थांबवूनच खावे. चहा-कॉफीचा परिणाम जाणवायला साधारण अर्धा तास लागतो; डुलकी येत असताना कपभर चहा पिऊन लगेच स्टिअरिंग धरण्याला अर्थ नाही. चहा पिऊन वीस मिनिटे डोळे मिटणे हा खरा उपाय आहे. लहान मुलांच्या बाबतीत एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. चालत्या गाडीत चार-पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे किंवा कडक गोळ्या देऊ नयेत. धक्क्याने दाणा श्वासनलिकेत गेला तर मागे वळून पाहीपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

आता डब्याची दुसरी बाजू. माणसासाठी निवडलेला हाच टिकाऊ, खमंग खाऊ गाडीतल्या कुत्र्यासाठी सर्वांत मोठा धोका असतो. बेदाणे आणि मनुका, तसेच द्राक्षे, कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात. किती खाल्ल्यावर हे होईल याचा ठाम आकडा सांगता येत नाही. एखादा कुत्रा बरेच खाऊन निभावतो, दुसरा थोड्याशाने आजारी पडतो. २०२१ च्या सुमारास अमेरिकेतील पशुवैद्यकीय विषतज्ज्ञांनी यामागे टार्टारिक आम्ल असावे असे मांडले, कारण चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही तशीच लक्षणे आढळली. मराठी घराला ही माहिती फार जवळची आहे. रव्याच्या लाडवावरचा बेदाणा, चिवड्यातल्या मनुका, भेळेची चिंचेची चटणी, मुलांच्या खिशातल्या चिंचेच्या गोळ्या हे सगळे या एका ओळीत येते. कुत्र्याला एक लाडू दिला तर काय बिघडते, या प्रश्नाचे उत्तर त्या लाडवात काय आहे यावर अवलंबून असते, आणि देणाऱ्या हाताला ते बहुधा आठवत नाही.

कांदा आणि लसूण हा दुसरा गट. त्यांतील गंधकयुक्त घटक कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. कांदा शिजवला, तळला किंवा वाळवून पूड केली तरी हा दोष जात नाही; पूड तर जास्तच तीव्र. लक्षणे लगेच दिसत नाहीत. प्रवास संपून दोन-चार दिवसांनी जनावर मलूल होते, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते, आणि तोवर ढाब्यावर दिलेला रश्श्यात बुडवलेला पोळीचा तुकडा कोणाच्या लक्षातही नसतो. मांजरे याला कुत्र्यांहून अधिक बळी पडतात. भडंगातला लसूण, चिवड्यातला तळलेला कांदा, लसणाची चटणी, बटाटेवड्याचे सारण हे सगळे यात आले. चॉकलेटमधला थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतो आणि हृदयाचे ठोके बिघडवतो. चॉकलेट जितके काळे तितके घातक. बिनसाखरेच्या च्युइंगगममधला झायलिटॉल हा गोडवा कुत्र्यात इन्शुलिन एकदम वाढवतो आणि अर्ध्या तासात रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरवू शकतो. गाडीच्या कप्प्यात ठेवलेले असे पाकीट कुत्र्याने फाडले तर वाट न पाहता पशुवैद्याला गाठावे.

विष नसलेल्या तीन वस्तूही महामार्गावर नेहमी घात करतात. पावसाळ्यात घाटात मिळणारे भाजलेले कणीस खाऊन झाले की उरलेला बुरकुंडा कुत्र्यापुढे टाकला जातो. तो गिळला तर आतड्यात अडकतो आणि शस्त्रक्रियेविना निघत नाही. आंब्याच्या कोयीचे तसेच. आणि शिजवलेल्या कोंबडीचे हाड. कच्चे हाड लवचिक असते. शिजवलेले टोकदार फुटते आणि घशाला किंवा आतड्याला भोक पाडते. ढाब्यावरच्या ताटातले हाड प्रेमाने देण्याची पद्धत इतकी रुळलेली आहे की ती मोडायला घरातल्या प्रत्येकाला आधी बजावून ठेवावे लागते. त्यातल्या त्यात मुलांना आणि पाहुण्यांना.

यावर साधा तोडगा असा की जनावराचा डबा वेगळा, त्यावर खूण वेगळी, आणि माणसांचे डबे मागच्या सीटवर न ठेवता झाकण घट्ट लावून डिकीत किंवा पुढच्या माणसाच्या पायाशी. जनावराच्या डब्यात त्याचे रोजचेच खाणे असावे. प्रवासाच्या दिवशी नवे काही देऊन पोट बिघडवू नये. मध्येच काही द्यावेसे वाटले तर गाजराचा तुकडा, काकडी, बिया काढलेले कलिंगड किंवा सफरचंद, बिनमिठाचा उकडलेला भात, उकडलेले अंडे, साध्या भाकरीचा घास हे बहुतेक कुत्र्यांना सोसते. पाणी घरचेच न्यावे. वाटेतले पाणी बदलल्याने काहींना जुलाब होतात, आणि कोकणात पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, तो कुत्र्याला आणि त्याच्या मूत्रातून माणसालाही.

खाणे-पाणी किती वेळाने द्यावे याबद्दल भारतीय कायद्यातच मोजमाप आहे, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांत कुत्र्या-मांजरांसाठी वेगळे प्रकरण आहे. निघण्यापूर्वी किमान दोन तास आधी त्यांना खाऊ-पिऊ घालावे; भुकेल्या किंवा तहानलेल्या अवस्थेत नेऊ नये; निघण्याच्या शक्य तितके जवळ फिरवून आणावे; उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी द्यावे; मोठ्या जनावराला बारा तासांतून एकदा आणि पिल्लांना दर चार तासांनी खायला घालावे. गाभण असून दिवस भरत आलेल्या मादीला नेऊ नये, हेही त्यात स्पष्ट आहे. हे नियम मुख्यतः माल म्हणून पाठवल्या जाणाऱ्या जनावरांचा विचार करून लिहिले गेले, पण घरच्या गाडीसाठीही ते उत्तम किमान ठरतात. किमान अशासाठी की उन्हाळ्यात चार तास पाण्याविना राहणे गाडीतल्या कुत्र्याला जडच जाते. दर दोन तासांच्या थांब्याला थोडे थोडे पाणी हे अधिक चांगले.

गाडी कुत्र्यालाही लागते, आणि पिल्लांना जास्त. लाळ गळणे, ओठ चाटत राहणे, वारंवार जांभया, कुरकुर आणि मग उलटी हा तिचा क्रम. शेवटचे जेवण निघण्याच्या तीन-चार तास आधी आणि नेहमीपेक्षा थोडे कमी द्यावे, म्हणजे पोट ना भरलेले ना कोरडे. बऱ्याच कुत्र्यांत हा त्रास कानाचा कमी आणि भीतीचा जास्त असतो, कारण त्यांनी गाडी फक्त दवाखान्याच्या वाटेवर पाहिलेली असते. महिनाभर आधीपासून उभ्या गाडीत बसवणे, मग गल्लीतून एक फेरी, मग टेकडीवर फिरायला नेणे अशी सवय लावली तर अनेकांची भीती ओसरते. तरीही उलट्या होत असतील तर मॅरोपिटंट हे खास कुत्र्यांसाठीचे औषध पशुवैद्य लिहून देतात. घरातली माणसांची गोळी अंदाजाने देणे हा प्रकार धोक्याचा आहे. साधे पॅरासिटॅमॉल मांजराचा जीव घेते.

जनावराने गाडीत बसायचे कुठे, याचे उत्तर एकच: मागे, बांधलेले. ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगातही अचानक ब्रेक लागला तर मोकळा कुत्रा पुढे फेकला जातो आणि त्याचे वजन कित्येक पटींनी वाढल्याप्रमाणे पुढच्या माणसावर आदळते. पुढच्या सीटवर एअरबॅग फुटली तर तोच कुत्रा तिच्या धक्क्याने दगावू शकतो. छातीभोवती बसणारा हार्नेस सीटबेल्टला अडकवावा. गळपट्ट्याला साखळी अडकवू नये, कारण धक्का मानेला बसतो. मोठ्या गाडीत मागे पक्का बसवलेला पिंजरा याहून चांगला. खिडकीतून डोके काढून वारा खाणारा कुत्रा दिसायला आनंदी दिसतो. पण धूळ, खडी आणि किडे त्याच्या डोळ्यांत जातात आणि शेजारून जाणाऱ्या ट्रकचे अंतर त्याला कळत नाही. मांडीवर घेऊन गाडी चालवणे याला तर कोणतेही समर्थन नाही.

सर्वांत जास्त मरण ओढवते ते उष्म्याने. कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही; जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा गार होण्याचा मार्ग, आणि भोवतालची हवाच तापली की तो निकामी होतो. त्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. ४१ च्या वर उष्माघात सुरू होतो. उभ्या केलेल्या गाडीच्या आतल्या तापमानाची एक मोजणी २००५ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तासाभरात आतले तापमान सरासरी २२ अंशांनी वाढले, त्यातली सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात झाली, आणि काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. बाहेर ३० अंश, म्हणजे पुण्यात हिवाळ्यातली दुपार, असली तरी जेवून परत येईपर्यंत गाडीत भट्टी होते. म्हणून हॉटेलात सगळ्यांनी एकदम जेवायला जायचे आणि कुत्र्याला गाडीत कोंडायचे, हे कोणत्याही ऋतूत करू नये. पाळीपाळीने जेवावे, किंवा बाहेर सावलीत बसून डबा उघडावा. घरच्या शिदोरीचा हा न सांगितला जाणारा फायदा आहे: तिच्यामुळे जनावराला एकटे सोडण्याची वेळच येत नाही. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा आखूड नाकाच्या जातींना उष्मा सर्वांत आधी मारतो. जोराची धाप, चिकट लाळ, लडखडणे, गडद लाल हिरड्या दिसल्या तर अंगावर नळाचे गार पाणी भरपूर ओतावे, वारा घालावा, आणि ते चालू ठेवतच दवाखाना गाठावा.

थांबे निवडताना माणसाची चहाची तल्लफ आणि जनावराची गरज यांत दुसरीला मान द्यावा. द्रुतगती मार्गांवर कडेच्या पट्टीत थांबण्यास मनाई आहे आणि ते जीवघेणेही आहे. तिथे विश्रांतिस्थळांवरच थांबावे. दार उघडण्याआधी पट्टा हातात असावा, आणि दार रहदारीच्या विरुद्ध बाजूचे उघडावे. उन्हाळ्यातले डांबर हाताची पाठ टेकवून पाहावे; पाच-सात सेकंद हात टेकवत नसेल तर पंजेही भाजतील. ढाब्यांवर भटक्या कुत्र्यांच्या टोळ्यांचे आपापले इलाके ठरलेले असतात आणि घरचा कुत्रा त्यांच्या दृष्टीने घुसखोर असतो. रेबीजची लस चुकलेली असेल तर प्रवासच पुढे ढकलावा. अंधार पडल्यावर घाटात किंवा उसाच्या पट्ट्यात कुत्र्याला मोकळे सोडणे टाळावे. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या अभ्यासात त्यांच्या आहारात पाळीव कुत्र्याचा वाटा सर्वांत मोठा आढळला होता. घाटातल्या माकडांना खाऊ टाकण्याची सवयही याच विषयात मोडते. चिवडा आणि वेफर्सच्या आशेने माकडे रस्त्यावर उतरतात, गाड्यांखाली सापडतात, आणि खिडकीतल्या कुत्र्यावर किंवा मुलावर चालूनही जातात. उरलेले अन्न आणि वेष्टने गाडीतच पिशवीत ठेवावीत.

मांजराचा विचार वेगळा करावा लागतो. कुत्रा माणसाला धरून असतो, मांजर जागेला. बहुतेक मांजरांसाठी दोन-चार दिवस घरीच राहणे, शेजाऱ्याने येऊन खाणे-पाणी आणि मातीचा ट्रे पाहणे, हेच प्रवासापेक्षा सुखाचे असते. न्यायचेच असेल तर बंद टोपली आठवडाभर आधी घरात उघडी ठेवावी, तिच्यात मांजराचे रोजचे अंथरूण घालावे, म्हणजे ते स्वतःहून आत झोपू लागते. गाडीत टोपली फडक्याने अर्धी झाकून सीटबेल्टने बांधावी आणि चालत्या गाडीत ती कधीही उघडू नये. घाबरलेले मांजर ब्रेकच्या पायाखाली शिरते. पोहोचल्यावर पहिला दिवस मांजराला एकाच खोलीत ठेवावे. पिंजऱ्यातल्या परदेशी पक्ष्यांसाठी पिंजरा झाकणे, हलणारी पाण्याची वाटी काढून त्याऐवजी काकडीची फोड ठेवणे एवढे पुरते. आपल्याकडचा हिरवा पोपट किंवा तारा कासव पाळणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे, तेव्हा त्यांना फिरवण्याचा प्रश्न येत नाही.

कागदपत्रांत लसीकरणाची वही आणि पशुवैद्याचे प्रकृतीचे प्रमाणपत्र सोबत असावे. १९७८ च्या नियमांनाही ते अपेक्षित आहे. मुक्कामाच्या ठिकाणी जनावर चालते की नाही हे फोनवर विचारून, शक्य तर लेखी घ्यावे. अभयारण्यांत पाळीव कुत्र्यांना प्रवेश नसतो. ताडोबाला निघालेल्या कुटुंबाने कुत्र्याला नागपुरात नातलगांकडे ठेवावे. वाटेतल्या दोन-तीन मोठ्या गावांतल्या पशुवैद्यांचे क्रमांक निघण्याआधी लिहून घ्यावेत, कारण रात्री कोकणात लांज्याच्या पुढे ते शोधत बसण्यात वेळ जातो. राष्ट्रीय महामार्गांवर अपघात किंवा बिघाडासाठी १०३३ हा क्रमांक चालतो. जनावराने काही चुकीचे खाल्ले असेल तर त्याचे वेष्टन जपून ठेवावे, साधारण किती आणि केव्हा खाल्ले ते टिपावे, आणि पशुवैद्याने सांगितल्याशिवाय मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. त्या मिठानेच विषबाधा होते.

जनावराला यातना होतील अशा रीतीने वाहनातून नेणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. त्याचा पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये ठरला आणि तो दीर्घकाळ तसाच राहिला. एवढ्याशा दंडाचा धाक कोणालाच वाटत नाही, म्हणून निर्णय घरातच घ्यावा लागतो. म्हातारे, आजारी, दिवस भरत आलेले किंवा आखूड नाकाचे जनावर मे महिन्यात लांबच्या प्रवासाला नेऊ नये. लसी पूर्ण न झालेल्या पिल्लाला गणपतीच्या गर्दीतून, ढोलताशांच्या गजरात गावी नेऊ नये. बाकीच्यांना न्यायचे असेल, तर दर दोन तासांनी थांबण्याइतका वेळ हाताशी ठेवूनच न्यावे. तेवढा वेळ नसेल तर त्यांना विश्वासाच्या माणसाकडे ठेवून जावे.